सूप कशाचं आहे?

गेल्या महिन्यात आम्ही घरचे सगळे हॉटेलात जेवायला गेलो होतो. नात सप्टेंबरमध्ये पुढच्या शिक्षणासाठी इंग्लंडला निघाली आहे, त्या आनंदात मुलाने हा बेत केला होता. दिवस मावळायच्या आत जेवण व्हावे म्हणून आम्ही साडेपाचलाच जाऊन बसलो. टोमॅटोचे सूप आले. ऑर्डर देतानाच मुलाने 'जैन' म्हणून सांगितले होते. तरी मी वेटरला हाक मारली आणि विचारले, "दादा, यात गाजर घातलंय का?"

मुलगा म्हणाला, "आई, जैन सांगितलंय ना, परत कशाला विचारतेस?" सून मेनूकार्डात बघत राहिली. वेटर आत जाऊन आला आणि म्हणाला, "आजी, रंगासाठी थोडं गाजर असतं." सूप परत गेले. कोणी काही बोलले नाही, पण टेबलावरची मजा थोडी कमी झाली हे मला कळले.

घरी येताना गाडीत नात हळूच म्हणाली, "आजी, मला नाही असं विचारता येत. लाज वाटते."

तेव्हापासून माझ्या मनाला घोर लागला. या मुलीने दोन वर्षांपूर्वी स्वतःहून दूध, दही, तूपही सोडले आहे. कंदमूळ तर आमच्या घरात येतच नाही. म्हणजे तिचे जेवण आमच्यापेक्षाही अवघड. आणि जिथे ती चालली आहे तिथे रोज बाहेर जेवायची वेळ येणार. विचारायची लाज वाटली तर एक तर उपाशी राहील, नाही तर समोर येईल ते खाईल. मला वाटले, जाण्याआधी महाराजांसमोर तिला नियम घ्यायला लावावा. सून म्हणाली, "आई, तिच्यावर वचनाचं ओझं नको." दोन दिवस आमचे यावर बोलणे चालू होते.

तिसऱ्या दिवशी मी कपाटातून गांधीजींची आत्मकथा काढली. कॉलेजात असताना वाचली होती, तेव्हा चरखा आणि सत्याग्रह एवढेच लक्षात राहिले. या वेळी मी फक्त लंडनची प्रकरणे वाचली, आणि तीसुद्धा स्वयंपाकघरातल्या बाईच्या नजरेने. त्या तीन वर्षांत हा मुलगा काय खात होता, कुठे खात होता आणि वेटरशी काय बोलत होता, एवढेच मी शोधत गेले. ते आज तुम्हाला सांगते.

एका जैन साधूने दिलेली शपथ

गांधीजी बॅरिस्टर होण्यासाठी १८८८ साली विलायतेला निघाले तेव्हा त्यांना एकोणिसावे वर्ष पुरे व्हायचे होते. घरी बायको आणि तान्हा मुलगा. आई पुतळीबाई कडक व्रते करणाऱ्या. चातुर्मासात एकदा त्यांनी सूर्यदर्शन झाल्याशिवाय जेवायचे नाही असा नियम घेतला होता. पावसाळ्यात सूर्य दिसेना की पोरे अंगणात आभाळाकडे बघत उभी राहायची, आणि दिसला की आईला हाका मारायची. आई बाहेर येईपर्यंत तो पुन्हा ढगाआड गेलेला असायचा. मग ती हसून परत कामाला लागायची. आपल्यापैकी किती घरांत अशा आज्या होत्या, हे मी वेगळे सांगायला नको.

विलायतेत गेलेली मुले मांस खातात, दारू पितात, हे पुतळीबाईंच्या कानावर आले होते. त्या काही परवानगी देईनात. तेव्हा मध्ये पडले बेचरजी स्वामी. हे मूळचे मोढ वाणी, म्हणजे गांधींच्याच जातीचे, पण दीक्षा घेऊन जैन साधू झालेले, आणि घराला सल्ला देणारे. त्यांनी सांगितले, मी याच्याकडून तीन गोष्टींची शपथ घेववतो, मग जाऊ द्या. मद्य, मांस आणि परस्त्री यांपासून दूर राहायची शपथ मुलाने घेतली आणि आईने होकार दिला.

मी मुद्दाम इथे थांबले. ज्या शपथेवर ती तीन वर्षे उभी राहिली ती एका जैन साधूने दिलेली होती, हे मला आठवतच नव्हते. म्हणजे मी नातीसाठी जे करायला निघाले होते, तेच पुतळीबाईंनी १३० वर्षांहून आधी केले होते.

मुंबईत जातीची सभा भरली. समुद्र ओलांडणारा जातीबाहेर, आणि त्याला मदत करील किंवा धक्क्यावर पोचवायला जाईल त्याला एक रुपया चार आणे दंड, असे ठरले. तरीही ४ सप्टेंबर १८८८ रोजी मुंबईहून बोट सुटली.

बोटीवरची भूक

आता खरी गोष्ट सुरू होते. बोटीवर जेवणाचे टेबल मांडलेले, पण हा मुलगा तिकडे फिरकलाच नाही. काटे-चमचे धरता येत नव्हते हे एक कारण. दुसरे कारण जास्त महत्त्वाचे. यादीतले कोणते पदार्थ मांसाशिवायचे आहेत हे विचारायचे धैर्यच त्याला होत नव्हते. त्यामुळे तो आपल्या खोलीत बसून घरून आणलेली मिठाई आणि फळे खात राहिला.

मला माझ्या आजीची आठवण झाली. तिची शिदोरी तिच्यासोबत असायची. प्रवासाला निघाली की दशम्या, चटणी, भडंग, आणि गाळलेल्या पाण्याची कळशी. कुंभोज-बाहुबलीला गेलो की तिथल्या भोजनालयात जेवायचे. तिथे ताटात काय आहे हे कोणी विचारत नसे, कारण विचारायची गरजच नव्हती. तिने जन्मात कधी वेटरला प्रश्न विचारला नाही, कारण ती जन्मात कधी हॉटेलात गेली नाही. शिदोरी हे आपल्या लोकांचे जुने उत्तर. पण शिदोरी आठ दिवस पुरते, तीन वर्षे पुरत नाही.

बोटीवरची आणखी एक गंमत. एका इंग्रज सहप्रवाशाने त्याला सांगितले की पुढे थंडी इतकी आहे की मांसाशिवाय जगणे शक्य नाही. मुलगा डगमगला नाही. उलट, प्रवासात आपण मांस खाल्ले नाही याची प्रमाणपत्रे त्याने लोकांकडून लिहून घेतली, बहुधा घरी दाखवायला. पुढे त्यालाच कळले की अशी प्रमाणपत्रे मांस खाणाऱ्यालाही मिळू शकतात, आणि आपल्या शब्दावर विश्वास नसेल तर कागदाचा काय उपयोग. हा प्रमाणपत्राचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पावाचे दोन तुकडे

लंडनला पोचल्यावर काही दिवस रिचमंडला एका मित्राकडे राहणे झाले. सकाळी ओटची लापशी मिळायची, ती पोटभर होई. दुपारी आणि रात्री पालक, पाव आणि मुरंबा. पावाचे दोन-तीन तुकडे संपले की आणखी मागायची लाज वाटायची. जेवणात दूध नसायचे. एकोणीस वर्षांचा मुलगा, भूक दणदणीत, आणि रोज अर्धपोटी.

मित्र चांगला होता, जिवाला जपणारा. तो रोज समजवायचा की अशिक्षित आईपुढे, इथली परिस्थिती माहीत नसताना घेतलेली शपथ कायद्याने शपथच नाही. तो बेंथॅमचे जाडजूड पुस्तकही वाचून दाखवायचा. गांधीजी म्हणत, तुमचे तर्क मला पेलत नाहीत, पण शपथ ती शपथ.

मग वेस्ट केन्सिंग्टनला एका विधवा बाईंच्या घरी राहणे झाले. तिथेही तेच. त्या बाईंच्या दोन मुली आग्रहाने पावाचा एखाद-दुसरा तुकडा जास्त वाढायच्या, पण त्यांना काय ठाऊक की याला अख्खा पाव हवा आहे! घरमालकीणबाईंनी सांगितले होते की शहरात शाकाहारी खाणावळी आहेत. त्या शोधत हा मुलगा रोज दहा-बारा मैल चालायचा, एखाद्या स्वस्त हॉटेलात पोटभर पाव खायचा, आणि तरी तृप्ती नाही.

फॅरिंग्डन स्ट्रीटची पाटी

असे हिंडताना एक दिवस फॅरिंग्डन स्ट्रीटला शाकाहारी खाणावळ दिसली. त्यांनी लिहिले आहे की लहान मुलाला हवी ती वस्तू मिळाल्यावर होतो तसा आनंद त्यांना झाला. आत जाण्याआधी दाराजवळ काचेआड विकायला ठेवलेली पुस्तके दिसली. त्यातले हेन्री सॉल्ट यांचे शाकाहाराची बाजू मांडणारे पुस्तक एक शिलिंगला घेतले, आणि मग थेट जेवायला. इंग्लंडला आल्यापासूनचे ते पहिले पोटभर जेवण. देवच मदतीला आला असे त्यांना वाटले.

या खाणावळी तिथे कुठून आल्या, असे तुम्हाला वाटेल. इंग्लंडात शाकाहाराची चळवळ जुनी होती. तिथली व्हेजिटेरियन सोसायटी १८४७ सालीच स्थापन झाली होती. पुढे लंडनमध्ये शाकाहारी खाणावळी निघाल्या. कचेऱ्यांतल्या कारकुनांना दुपारी स्वस्तात जेवता यावे अशी त्यांची सोय होती. आपल्यासारखा धर्माचा नियम म्हणून तिथे येणारे थोडे. काही जीवदयेसाठी येत, काही प्रकृतीसाठी, काही नुसतेच पैसे वाचवायला.

गांधीजींनी तिथल्या जेवणाचे भावही लिहून ठेवले आहेत. खाणावळीत दोन विभाग असायचे. एका विभागात हवे ते पदार्थ निवडायचे, जेवणाला एक ते दोन शिलिंग. दुसऱ्यात सहा पेन्सचे ठरलेले जेवण, तीन पदार्थ आणि पावाचा एक तुकडा. काटकसरीच्या दिवसांत ते दुसऱ्या विभागात जेवत.

मी कॉमर्सची, त्यामुळे आकडे दिसले की हात वहीकडे जातो. तेव्हा बारा पेन्सचा एक शिलिंग आणि वीस शिलिंगांचा एक पौंड. शेवटी शेवटी ते दिवसाला एक शिलिंग तीन पेन्सवर राहत, म्हणजे पंधरा पेन्स. सकाळी खोलीवर स्वतः केलेली लापशी आणि कोको, रात्री पाव आणि कोको, दुपारी मात्र बाहेर. त्यांनी दुपारी सहा पेन्सचेच जेवण घेतले असे धरले, तर पंधरांतले सहा पेन्स एका जेवणावर गेले. त्याआधी, साहेब व्हायच्या हौसेच्या दिवसांत, त्यांनी बाँड स्ट्रीटवर दहा पौंडांचा सूट शिवून घेतला होता. दहा पौंड म्हणजे २,४०० पेन्स, म्हणजे सहा पेन्सची ४०० जेवणे! पुढे ते पै-पैचा हिशेब ठेवून रोज झोपायच्या आधी जुळवू लागले.

सॉल्ट यांचे पुस्तक त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले. तोपर्यंत ते शपथेमुळे शाकाहारी होते. मनातून त्यांना वाटायचे की सगळ्या हिंदुस्थानाने मांस खाल्ले तरच देश बळकट होईल. पुस्तक वाचल्यापासून ते स्वतःच्या मर्जीने शाकाहारी झाले, आणि आईपुढे शपथ घेतल्याच्या दिवसाला त्यांनी दुवा दिला. शपथ आधी आली, पटणे नंतर आले. पण शपथ नसती तर पटायच्या आधीच सगळे सुटून गेले असते. सुनेला मी हे वाचून दाखवले. ती म्हणाली, "पण तुमच्या नातीला आधीच पटलंय, आई. तिला शपथ कशाला?" मला लगेच उत्तर देता आले नाही.

हॉलबर्नमधले सूप

आता ज्या प्रसंगासाठी मी हे सगळे लिहायला बसले तो प्रसंग.

एका मित्राने त्यांना नाटकाला नेले. नाटकाआधी जेवायला हॉलबर्न रेस्टॉरंटमध्ये, म्हणजे राजवाड्यासारख्या ठिकाणी. खूप लोक जेवत होते. गांधीजींना नंतर वाटले की मित्राने मुद्दामच अशा ठिकाणी आणले, भिडेपोटी हा इथे प्रश्न विचारणार नाही म्हणून.

पहिले आले ते सूप.

ते कशाचे असेल असा विचार त्यांच्या मनात आला. मित्राला विचारायचे धाडस होईना, म्हणून त्यांनी वेटरला खूण केली. मित्राने बघितले आणि काय झाले म्हणून कडक आवाजात विचारले. गांधीजी चाचरत म्हणाले, सूप भाज्यांचे आहे का ते विचारायचे आहे. मित्र भडकला. सभ्य लोकांत बसायची तुझी लायकी नाही, नीट वागता येत नसेल तर बाहेर जा, दुसरीकडे कुठे खा आणि माझी वाट बघ, असे त्याने सुनावले.

गांधीजींना उलट बरेच वाटले. ते उठून बाहेर गेले. जवळच एक शाकाहारी खाणावळ होती, पण ती बंद. त्या रात्री ते उपाशी राहिले आणि उपाशीपोटीच मित्राबरोबर नाटक बघितले. त्या प्रसंगाबद्दल दोघेही काही बोलले नाहीत. मैत्रीही तुटली नाही.

हे वाचून मी पुस्तक मिटले आणि नातीला हाक मारली. तिला म्हटले, "हे बघ, सूप आणि वेटर. तुझ्या आजीसारखंच." ती वाचून हसली. मग म्हणाली, "आजी, पण त्यांना बाहेर काढलं." मी म्हटले, "हो. आणि बोटीवर त्यांनी विचारलं नव्हतं, तेव्हा कोणी बाहेर काढलं नाही. तेव्हा ते स्वतःच खोलीत जाऊन बसले होते."

अंडे कोणाच्या व्याख्येत?

शाकाहारी खाणावळ सापडली म्हणजे प्रश्न संपले असे नाही. इंग्लंडातल्या शाकाहाऱ्यांत मांसाच्या तीन व्याख्या चालत. पहिलीप्रमाणे मांस म्हणजे पशुपक्ष्यांचे, त्यामुळे मासे आणि अंडी चालत. दुसरीप्रमाणे सगळ्याच जिवांचे मांस वर्ज्य, पण अंडी चालत. तिसरीप्रमाणे प्राण्यांपासून मिळणारे काहीच नको, म्हणजे अंडी आणि दूधही नको.

आहाराचे प्रयोग करताना गांधीजींनी थोडे दिवस, जेमतेम पंधरवडाभर, अंडी खाल्ली. अंडे म्हणजे मांस नव्हे, ते खाऊन कोणा जिवाला इजा होत नाही, हा युक्तिवाद त्यांना पटला होता. पण लवकरच ते थांबले. आपल्या आईच्या मनात मांसात अंडेही धरलेले होते, मग सोयीची व्याख्या घेणारे आपण कोण? शपथेचा अर्थ शपथ देणाऱ्याने प्रामाणिकपणे जो धरला तोच घ्यावा, आणि दोन अर्थ निघत असतील तर दुबळ्या बाजूचा घ्यावा, असा नियम त्यांनी स्वतःला घालून घेतला.

आणि याची किंमत काय पडली? शाकाहारी खाणावळीतही पुष्कळ पदार्थांत, विशेषतः पुडिंग आणि केकमध्ये, अंडी असायची. मग पुन्हा तोच अवघड प्रश्न विचारणे आले. शाकाहारी पाटीखाली बसूनसुद्धा!

आपल्याकडे आजही हेच चालते. 'जैन फूड मिळेल' अशी पाटी असते. हॉटेलवाल्याच्या मनात जैन म्हणजे कांदा, लसूण आणि बटाटा नको एवढेच. गाजर, बीट, आले, मुळा तो धरीलच असे नाही. आणि नातीसारखी कोणी असेल तर वरून सोडलेले बटर, ग्रेव्हीतली साय, नानच्या पिठातले दही हे सगळे वेगळे विचारावे लागते.

पाकिटांवर हिरवा ठिपका आपल्या देशात २००१ पासून आला. मोठी सोय झाली. पण त्या ठिपक्यात दूध बसते, कांदाही बसतो. निव्वळ वनस्पतीजन्य पदार्थांसाठी वेगळे नियम आणि वेगळे चिन्ह २०२२ साली आले. पण तेही पाकिटावर. ताटात ठिपका नसतो. आणि ठिपका म्हणजे काय, बोटीवरच्या त्या प्रमाणपत्रासारखाच. उपयोगाचा आहे, पण नियम पाळायचे काम तो आपल्यासाठी करत नाही.

अमेरिकेतले एक उदाहरण नातीला सांगितले. मॅकडोनाल्ड्सने १९९० साली तिथे जाहीर केले की आता फ्रेंच फ्राइज वनस्पती तेलात तळणार. कित्येक शाकाहारी लोक निर्धास्त होऊन खाऊ लागले. नंतर कळले की चवीसाठी त्यात गोमांसापासून केलेला अर्क असतो. २००१ साली सिअॅटलमध्ये दावा दाखल झाला, आणि २००२ मध्ये कंपनीने माफी मागून हिंदू आणि शाकाहारी संस्थांसह काही संस्थांना एक कोटी डॉलर द्यायचे मान्य केले. बटाटा आपल्याला चालत नाही, तो भाग वेगळा. शिकायचे ते हे, की तेलाबद्दलचे उत्तर खरे होते, पण पुरे नव्हते. "तेल कोणतं?" एवढे विचारून भागत नाही. "यात आणखी काय काय आहे?" असेही विचारावे लागते.

पुन्हा हॉलबर्न

लंडनची तीन वर्षे संपत आली तोवर हा मुलगा बदलला होता. व्हेजिटेरियन सोसायटीच्या कार्यकारिणीत त्याला घेतले होते. बेजवॉटरला राहताना त्याने शाकाहारी मंडळ काढले, स्वतः चिटणीस झाला. १८९१ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये 'द व्हेजिटेरियन' या साप्ताहिकात त्याने हिंदुस्थानातल्या शाकाहाऱ्यांवर लेख लिहिले. स्वभाव मात्र तितकाच लाजाळू.

जून १८९१ मध्ये, मायदेशी निघण्याआधी, त्यांनी शाकाहारी मित्रांना निरोपाचे जेवण दिले. शाकाहारी खाणावळीत शाकाहारी जेवण मिळणारच, पण शाकाहारी नसलेल्या ठिकाणी का मिळू नये, असा विचार त्यांनी केला. आणि जागा निवडली ती हॉलबर्न रेस्टॉरंट! जिथून सूप कशाचे हे विचारू पाहिले म्हणून उठावे लागले होते, तीच जागा. व्यवस्थापकाशी आधी बोलून, पूर्ण शाकाहारी जेवण ठरवून घेतले. मित्र खूश झाले.

भाषणाची वेळ आली तेव्हा गांधीजी उठले. त्यांनी विचार करून विनोदी सुरुवात ठरवली होती, पण पहिल्या वाक्यानंतर पुढचे आठवेचना. पाहुण्यांचे आभार मानून ते खाली बसले. म्हणजे लाज गेली नव्हती. लाजेसकट त्यांनी व्यवस्थापकाला जे सांगायचे ते सांगून ठेवले होते.

मला हे फार मोलाचे वाटते. आपण म्हणतो, मुलगी धीट झाली की विचारील. तसे नसते. लाज वाटत असतानाच विचारायचे असते.

दुधाची गोष्ट आणि आईची

जुलै १८९१ मध्ये ते मुंबईला उतरले. भाऊ धक्क्यावर आले होते. आई गेल्याची बातमी तेव्हा कळली. मुलगा परदेशात एकटा, म्हणून घरच्यांनी ती दडवून ठेवली होती. शपथ पुरी करून आलो हे सांगायला ज्या आईकडे जायचे ती आईच उरली नव्हती. हे वाक्य लिहिताना मी दोनदा थांबले.

मुंबईला आल्यावरच त्यांची रायचंदभाईंशी, म्हणजे श्रीमद् राजचंद्रांशी ओळख झाली. जैन घरांतून त्यांचे नाव आजही आदराने घेतात. दुधाबद्दलचा पहिला विचार आपल्याला त्यांच्याकडून मिळाला, असे गांधीजींनी लिहिले आहे. दूध विकारांना चेतवते, असे रायचंदभाईंचे म्हणणे होते. पुढे कलकत्त्याकडे गाई-म्हशींचे दूध काढताना होणाऱ्या क्रौर्याचे वर्णन वाचनात आले आणि १९१२ साली दक्षिण आफ्रिकेतल्या टॉल्स्टॉय फार्मवर त्यांनी दूध सोडले. आज माझी नात जी कारणे सांगते त्यातले मुख्य हेच. "आजी, वासराचं दूध आहे ते," असे ती म्हणते. आपल्या परंपरेत दूध-तूप चालत आले आहे. मी अजून सोडलेले नाही. पण तिचे म्हणणे अहिंसेच्या बाहेरचे आहे असे मला म्हणता येत नाही.

१९१९ च्या सुरुवातीला गांधीजी मुंबईत फार आजारी होते. डॉक्टर दलालांनी दूध घेतल्याशिवाय शरीर भरून येणार नाही असे सांगितले. शेजारी उभ्या असलेल्या कस्तुरबा म्हणाल्या, मग शेळीचे दूध घ्यायला काय हरकत आहे? दूध सोडताना मनात गाय-म्हैसच होती, या अर्थाने त्यांनी ते घेतले. पण ते नंतर लिहितात की शब्द राखला, व्रताचा आत्मा मारला. अंड्याच्या वेळी शपथेचा कडक अर्थ घेणारा माणूस इथे सैल अर्थ घेतो, आणि तसे कबूलही करतो. मला त्यांचा राग आला नाही. कस्तुरबांच्या जागी मी असते तर मीही तेच बोलले असते.

मग नियमाचे काय झाले?

मी नातीला महाराजांकडे नेले, पण नियम घ्यायला नाही, दर्शनाला. नियम तिने स्वतःच मनाशी घेतलेला आहे. सुनेचे बरोबर होते. पुतळीबाईंच्या मुलाला शपथ हवी होती, कारण त्याला अजून पटलेले नव्हते. माझ्या नातीला पटलेले आहे, पण तिला विचारता येत नाही. तिची अडचण वेगळी, म्हणून औषधही वेगळे.

म्हणून गेले तीन रविवार आम्ही दोघी दुपारी बाहेर जेवतो आहोत. मी गप्प बसते, विचारायचे काम तिचे. पहिल्या रविवारी तिने वेटरला हाक मारली आणि "काही नाही" म्हणून परत पाठवले. मी काही बोलले नाही. दुसऱ्या रविवारी "बटर नको" एवढे म्हणाली, तरी डाळीवर तुपाची फोडणी आलीच. ती डाळ मी संपवली, तिने भात आणि भाजी खाल्ली. काल मात्र तिने नीट विचारले, "दादा, या भाजीच्या ग्रेव्हीत काय काय आहे? जरा आत विचारून सांगाल का?" वेटर तरुण मुलगा होता. आत गेला, आचाऱ्याला विचारून आला, बोटावर मोजत सगळे सांगितले. काजू, टोमॅटो, आले, साय. साय आणि आले काढून करून देतो म्हणाला.

तिचा चेहरा लाल झाला होता, पण तिने वाट बघितली. भाजी यायला वीस मिनिटे लागली. थोडी अळणी होती. आम्ही दोघींनी सगळी संपवली.